घोरपडीचा फेटा

घोरपड हे नाव घेतल्यापासनं आमच्या मालकांची पाठ अजून कुणी मातीला लावली न्हाई. हे मी बायको म्हणून फुशारकीनं सांगत न्हाई. आमच्या खोऱ्यातल्या कुटल्याबी जत्रंत जा, फडाच्या कडंला बसलेल्या म्हाताऱ्याला इचारा, घोरपड कदी चीत झाली का? तो म्हणंल, न्हाई बा. कुस्तीचा कायदा साधा हाय. दोन्ही खांदे एका टायमाला मातीला टेकले तर माणूस चीत, आन् एक जरी वर ऱ्हायला तरी कुस्ती जित्ती. त्या एका खांद्यापायी माझ्या घराचं वाटोळं झालं, हे मात्र तुमाला कोण सांगणार न्हाई. ते मी सांगते.

माझं नाव साधना. मुळशी धरणाच्या पाण्याला लागून आमचं गाव. भाताची चार खाचरं हायेत, वरच्या अंगाची जमीन सासऱ्यांनी त्यांच्या हयातीतच इकली, तितं आता पुण्यावाल्यांचे बंगले हायेत. भात निघालं की मालक त्याच बंगल्यांच्या कुंपणाला दगडी भिती घालायला जायचे. "जमीन आपली, कुंपण बी आपणच घालायचं आन् भायेर बी आपणच ऱ्हायचं," असं म्हणून हसायचे. कशालाबी हसायचे. मला राग यायचा त्या हसण्याचा. आता वाटतं, हसा की हो एकदा.

त्यांचं नाव मी घेत न्हाई. आता कोण पाळतंय हे, सासरी गेलेली माझी पोरगी पल्लवीच मला हसती, "आई, तू कुठल्या जमान्यातली?" म्हणती. पण आत्यांसमोर जीभ उचलत न्हाई. आत्या म्हंजी गोजराबाई, माझी सासू. त्या आंगणातनं हाक मारायच्या, "वाल्मीक!" झालं, तुमाला कळलं, आता मला इचारू नका. मी आपली "अवं" नायतर "आयकलं का". एकाच घरात जन्म काढायचा आन् माणसाला हाक मारायला एक नाव नसावं, हे मला लई खुपायचं.

ह्यांना कुस्तीचा नाद. नादच म्हणायचा, पोटाचा धंदा न्हवं. बदाम न्हाईत, थंडाई न्हाई, दिवसभर दगड उचलायचे आन् सांजच्याला तालमीत जायचं. तालीम म्हंजी देवळामागं पत्र्याची शेड. आत गुडघाभर लाल माती, ताक, हळद, तेल, लिंबू घालून लोण्यासारखी मऊ केलेली. तितले वस्ताद कोंडाजी. आमचे सासरे वारल्यावर ह्यांना बापाच्या जागी तेच. शिकवायचे तेच, कुणाचा खांदा निखळला, मनगट लचकलं तर तेल लावून बसवायचे बी तेच, आन् जत्रंत फडावर माईक धरून बोलायचे ते बी तेच. काय गळा व्हता त्यांचा! घरात बसून कुस्ती डोळ्यांपुढं उभी ऱ्हायची.

घरात बसून म्हणते, कारण आमच्यात बाया फडावर जात न्हाईत. का, ते इचारू नका. मारुतीला चालत न्हाई म्हणत्यात. मारुतीला कुणी इचारलंय कुणास ठाव! पुरुष फडात, बाया चुलीपाशी, आन् कर्णा पिंपळाच्या शेंड्याला. एवढी वर्सं संसार केला, पण नवऱ्याची कुस्ती मी कानानंच बघितली.

म्हणून तर नावाचं महत्त्व. फडावर पुकारायला पैलवानाला एक नाव लागतं. कुणी ढाण्या वाघ, कुणी बुलडोझर, कुणी चित्ता. वस्ताद नाव घेत्यात आन् लांब भाकऱ्या थापणाऱ्या बाईला कळतं, आता आपलं माणूस मातीत उतरलं. ह्यांना नाव न्हवतं. आत्या हाक मारायच्या त्या नावानं पुकारलं तर कर्ण्यावर कुणी कीर्तनकार आल्यावानी वाटायचं.

मंग नावं घेणं सुरू झालं, बघा. त्या साली ताम्हिणीकडं बिबट्या शेळ्या उचलत व्हता, म्हणून ह्यांनी घेतलं 'बिबट्या'. बनियनवर पाठीमागं रंगानं लिहून आणलं. आत्या म्हणल्या, "अरं, पाठ दाखवायची न्हाई म्हणतोस आन् पाठीवरच नाव घालतोस व्हय?" जत्रंच्या दिवशी मी तव्यावर पोळी टाकली आन् कर्ण्यावर नाव आलं, बिबट्याऽऽ! कौतुकानं मी उठून दाराशी गेले. पोळी उलटायच्या आत वस्तादांचा आवाज आला, "अरारारा! बिबट्याची शेळी झाली की मंडळी!" सगळं गाव हसलं. फुडच्या साली 'तुफान'. त्याच्या फुडच्या साली 'मुळशीचा भूकंप'. भूकंप असला, की धक्का फकस्त ह्यांनाच बसला.

ह्ये हसायचे, पण त्या राती जेवायचे न्हाईत. एकदा म्हणाले, "माझ्या अंगाचा डाव मला गावत न्हाई गं. उडी मारून पाडायचे डाव उंच माणसाचे. मी बुटका, बुड जड. दुसऱ्याच्या अंगरख्यात शिरल्यावानी कुस्ती करतो मी." मी म्हणले, "मंग सोडा की तो नाद." तर असं बघितलं माझ्याकडं, की परत म्हणून ते तोंडातनं काढलं न्हाई.

त्यांचा डाव गावला तो खाचरात. लावणीचे दिवस, आमी सगळे चिखलात. दोघी जावा आलेल्या, थट्टा चाललेली. ह्ये आवणाची, भाताच्या रोपांची, पेंढी घेऊन वाकलेले, तर माझ्या मनात आलं, लोळवावं एकदा. मागनं ढकललं. ते पटकन हात-गुडघे टेकून बसले. मी कंबरेला धरून ओढलं, हलंनात. जावा आल्या मदतीला. एकीनं पाय धरला, एकीनं हात, मी पाठीवर बसले. तिघींच्या नाकी नऊ आले, आमीच चिखलात लोळलो, पण हा माणूस काय उलटंना. खालनं नुसता खुदुखुदू हसतोय. मी वैतागून म्हणले, "घोरपड हाय निस्ती! दगडाला चिकटलीया!"

हसायचं थांबले. चिखलातच उठून बसले आन् म्हणाले, "काय म्हणलीस?"

"घोरपड."

"परत म्हण."

मी परत म्हणले. जावा लाजल्या, हसल्या. मला बी कसंतरी झालं. नवऱ्याला पहिल्यांदा नावानं हाक मारली व्हती मी.

आत्यांनी कपाळाला हात लावला. "वाघ घे, सिंह घे. घोरपड कुणी नाव ठेवतं व्हय? दिसायला ती अशी, चालायला ती तशी." पण ह्यांचं ठरलं. नुसतं नाव न्हाई, त्या दिवसापासनं कुस्तीच बदलली. सलामी झाली की खाली बसायचं, हात-गुडघे मातीत रोवायचे, हनुवटी छातीला लावायची, आन् समोरच्यानं काय वाटंल ते करावं. कुणी बगलेत हात घालून बघायचा, कुणी कंबरेला मिठी मारून. घोरपड हलायची न्हाई. शेवटी पंच यायचे आन् कुस्ती सोडवायचे. सोडवली म्हंजी बरोबरी. कुणी जिंकलं न्हाई, कुणी हारलं न्हाई.

जिंकले असं ह्ये कदीच न्हाईत, खोटं कशाला बोलू? फडातली पोरं ओरडायची, "अरं उठ की, झोपलास का काय!" पण वस्ताद लई बेरकी. त्यांनी त्यातनं गंमत काढली. फडाच्या मधोमध बांबू रोवायचा, बांबूला भगवा फेटा गुंडाळायचा आन् माईकवर सांगायचं, "घोरपडीला जो उलटी करंल, त्याच्या डोक्याला हा फेटा!" मंग मोठमोठे पैलवान आपल्या कुस्त्या झाल्या की हौसेनं यायचे. घाम गाळून जायचे. दिवस मावळताना फेटा बांबूवरनं उतरायचा आन् ह्यांच्याच डोक्याला बसायचा. घोरपडीचा फेटा म्हणून खोऱ्यात त्याचं नाव झालं. मी लांबनं हलगी ऐकत बसायची, आन् वस्ताद म्हणायचे, "घोरपडऽऽ जशीच्या तशीऽऽ!" की माझा जीव भांड्यात पडायचा.

पहिला फेटा बांधून आले तवा मी दारातनंच हाक मारली, "ओ घोरपड, पाणी तापलंय!" आत्यांसमोर. आत्या पदराआड हसल्या. तवापासनं त्याच नावानं हाक मारते मी. ट्रंकंत फेट्यांचा ढीग झाला. सणाला मी ते उन्हात घालायची, दोरी वाकायची.

आता त्या दिवसाचं सांगते. नको वाटतं, पण सांगते.

पाण्याच्या पलीकडल्या काठाला एक रिसॉर्ट हाय. तितं थंडीत कंपन्यांची माणसं येत्यात. त्यांना गाव दाखवायचं असतं, म्हंजी बैलगाडी, चूल, भाकरी, आन् त्या साली म्हणाले कुस्ती बी पाहिजे. रिसॉर्टवाले वस्तादांकडं आले. मला त्यांनी भाकऱ्या थापायला बोलावलं आन् ह्यांना कुस्तीला. समोरचा पैलवान किशोर, आमच्याच तालमीतलं तरणं पोरगं, अंगानं दांडगं, मनानं गरीब. वस्तादांनी दोघांना बसवून सांगितलं, "पाहुण्यांना बरोबरी कळत न्हाई. त्यांना पडलेला माणूस बघायचा असतो. दोन मिंटं खेळा, मंग किशोर तुला उलटवंल, वाल्मीक, आन् तू उलटायचं. नुरा कुस्ती हाय, मनाला लावून घ्यायचं न्हाई."

ह्ये हसून "व्हय" म्हणाले. वस्तादांचा शब्द त्यांनी कदी मोडला न्हवता.

सकाळी निघताना मला म्हणाले, "आज रिसॉर्टात मारुती न्हाई. आज तू बघशील मला. पण बघशील ती पडतानाच, नशीब बघ." मी म्हणले, "पडा की. मी काय सोडून जाणाराय?" खरं सांगते, मला पडण्याबिडण्याचं काय बी वाटत न्हवतं. मला एवढंच व्हतं, की आज बघायला मिळणार. इरकली लुगडं नेसून गेले व्हते मी, भाकऱ्या थापायला!

तितं गेलो तर हिरवळीवर लाल माती नुसती पसरलेली. चार बोटं बी न्हाई. खाली दगडासारखी जमीन. वस्ताद पायानं माती उकरून जरा थबकले, मंग म्हणाले, "चालतंय, दोन मिंटांचा तर खेळ." ज्या माणसानं जन्मभर मातीला ताक पाजलं, त्यानं असं म्हणावं!

माईक वस्तादांच्या हातात न्हवता. रिसॉर्टचा एक पोरगा व्हता, गॉगल लावलेला, हिंदी-इंग्रजीत बोलणारा. त्यानं ह्यांना नाव इचारलं. ह्यांनी छाती काढून सांगितलं, "घोरपड." त्याला कळंना. त्यानं मोबाईलमधी बघितलं आन् माईकवर ओरडला, "अँड नाऊ, द लिझार्ड!" पाहुणे हसले. कुणीतरी मागनं ओरडलं, "छिपकली!" मंग काय, सगळ्यांनी धरलं. "छिपकली! छिपकली!" टाळ्यांवर ताल धरून. बायामाणसं, पोरंसोरं, सगळी. मोबाईल वर केलेले. मी चुलीपाशी पीठ भरल्या हातानं उभी. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. हसू न्हवतं तोंडावर. मी त्या माणसाला ओळखते, मला तवाच कळलं, की हा आता पडत न्हाई.

खाली बसले. हात-गुडघे रोवले. माझ्या मनातच व्हतं कायम, की कसं दिसत असंल. साधंच दिसत व्हतं, बघा. खाचरात वाकलेल्या माणसासारखं. किशोर वरनं भिडला. दोन मिंटं गेली. किशोरनं कानात सांगितलं, "दादा, उलटा की आता." ह्ये म्हणाले, "हलव मला. हलवून दाखव." हे किशोरनंच मला मागनं सांगितलं, रडत. त्या बिचाऱ्याला वाटलं दादा खेळ रंगवतोय. वस्ताद कडंनं खूण करतायत, उरक, उरक. गॉगलवाला माईकवर आकडे मोजायला लागला, टेन, नाईन, एट. पाहुणे बी मोजायला लागले. किशोरनं मानेवर गुडघा दिला आन् कंबरेला धरून उचललं. त्या डावाला घुटना म्हणत्यात. माणूस राजी असंल तर अल्लाद उलटतो. ह्ये राजी न्हवते. किशोरनं सगळा जोर लावला आन् ह्यांनी सगळा जोर धरला, खाली मऊ माती न्हाई, मान जाणार कुटं?

आवाज मला चुलीपातुर आला. वाळकी काटकी मोडल्यासारखा.

पालथेच पडले. पाठ वरच. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं खेळ संपला. मी पळत गेले, पीठ हाताला तसंच. ह्ये बोलत व्हते. म्हणाले, "काय न्हाई गं, हाताला मुंग्या आल्यात." मी पायाकडं बघितलं. उजव्या पायाचा आंगठा माती उकरत व्हता. मी डोळ्यांनी बघितलाय तो आंगठा हलताना. मरेपातुर इसरणार न्हाई.

रिसॉर्टवाला म्हणाला, गाडी बोलावतो, दवाखान्यात न्या. ह्येच म्हणाले, "दवाखाना कशाला? मान लचकलीया. वस्ताद, तुमी बसवा." आमच्या खोऱ्यात मोडलं-लचकलं की माणूस आदी वस्तादाकडंच जातो, दवाखाना मागनं. कोंडाजी वस्तादांनी किती खांदे बसवले असतील त्याची गणती न्हाई. ते उकिडवे बसले. ह्यांना उताणं करणार, तर ह्ये म्हणाले, "उताणं नको, वस्ताद. सगळी बघतायत." मंग कुशीवर घेतलं, किशोरनं खांदे धरले. वस्तादांनी हनुवटीला हात घातला, दुसरा हात डोक्यामागं, देवाचं नाव घेतलं आन् एक हिसका दिला.

आंगठा थांबला.

"बसली का रं?" वस्तादांनी इचारलं. ह्ये म्हणाले, "बसली वाटतं. मुंग्या गेल्या." मुंग्या गेल्या म्हणाले! मुंग्यासंगं सगळंच गेलं व्हतं, गळ्याखालचं सगळं. पुण्यातल्या डॉक्टरनं फोटो बघून इचारलं, "ह्यांना कोणी हलवलं?" मी वस्तादांकडं बघितलं. वस्ताद भितीकडं बघत व्हते. त्यानंतर ते आमच्या उंबऱ्याला आले न्हाईत.

मी शिव्या घातल्या. त्यांना, रिसॉर्टला, त्या गॉगलवाल्याला, मोबाईल धरणाऱ्या सगळ्यांना. आन् एक दिवस ह्यांच्याच उशाशी उभी ऱ्हाऊन ओरडले, "पडला असता तर काय बिघडलं असतं हो? ठरलं व्हतं ना पडायचं? कोण व्हतं तितं आपलं? कुणाला दाखवायचं व्हतं?"

ह्ये म्हणाले, "नाव तू दिल्तंस गं. पाल म्हणत व्हते त्याला."

मी चुलीपाशी गेले आन् तोंडात पदर कोंबून रडले.

दोन पावसाळे झाले, खाटंवर हायेत. मानेला पट्टा, तोंड कायम पत्र्याकडं. दवाखान्यातल्या नर्सबाईनं शिकवलं, थोड्या थोड्या येळानं कूस बदलत जा, सपाट पाठीवर ठेवू नका, पाठीला जखमा होतील, एका खांद्याखाली घडी घालून जरा तिरकं ठेवा. पहिल्यांदा मला ते वजन हलंना. ज्याला पैलवानांनी हलवला न्हाई त्याला मी काय हलवणार? मी घामानं भिजले, रडकुंडीला आले. तवा ह्येच पत्र्याकडं बघत म्हणाले, "कंबरेला धरू नको. सगळी कंबरेलाच धरायची. आदी गुडघा दुमड माझा. मंग खांद्यामागनं हात घाल आन् तुझं वजन टाक." मी तसं केलं. असे वळले, जसं काय पोरगं कुशीवर घ्यावं. मी बघतच ऱ्हायले.

"घोरपड अशी उलटती," ते म्हणाले. "कुणाला ठाव न्हवतं. मला एकट्याला ठाव व्हतं."

घडीला उशी पुरंना, म्हणून ट्रंकंतले फेटे काढले. मऊ, जुनं सुती कापड. घडी करून डाव्या खांद्याखाली. जखमा तरी बी झाल्याच. फेटे भिजायचे, मी धुवायची, वाळत घालायची. त्या दोरीवर भगवे फेटे बघून वाटंवरनं जाणाऱ्याला वाटावं ह्या घरात लगीन हाय. ह्यांना खाली कायच कळत न्हाई, मी सांगीन तेच खरं. म्हणून दिवसातनं कितींदा तरी इचारत्यात, "दोन्ही टेकले न्हाईत ना गं?" मी हातातलं काम टाकून सांगते, "न्हाई. डावा वर हाय." मंग डोळे मिटत्यात.

आत्या पोराचे हे हाल बघून खंगल्या. गेल्या माघात गेल्या. जाताना माझा हात धरून म्हणल्या, "साधने, माझ्या लेकाला उताणा ठेवू नको गं."

ह्या चैत्रात जत्रा आली. सकाळपासनं हलगी वाजत व्हती. ह्यांची कमरेची जखम राती फुटली व्हती, अंथरूण, उशी, फेटे, सगळं भिजलं व्हतं. डॉक्टरनं गेल्या खेपंलाच मला भायेर बोलावून सांगितलं व्हतं, की ही आता भरायची न्हाई. मी सगळं धुवून दोरीवर टाकेपातुर दुपार झाली. तवर ह्यांना कोऱ्या चादरीवर ठेवलं, तसंच, सपाट. घरात घडीला म्हणून कापड ऱ्हायलं न्हवतं. मनात म्हणलं, घटकाभराचा तर सवाल हाय.

दुपार कलली आन् कर्ण्यावर वस्ताद बोलायला लागले. आवाज थकलाय त्यांचा. कुस्त्या झाल्या, नावं झाली, आन् मंग म्हणाले, "मंडळी, बांबूला फेटा आज बी लावलाय. घोरपड आज फडात न्हाई. पण ध्यानात ठेवा, तिला चीत करणारा अजून जन्माला यायचाय! वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. लई वाजल्या. माझ्या अंगाची आग झाली. मी कर्ण्याकडं तोंड करून ओरडले, "या की मंग हितं! सांगा की त्यास्नी, मान कुणी मोडली ती! दोन वर्सांत उंबरा चढला न्हाईत, आन् माईकवर कढ येतोय व्हय!"

"गप," ह्ये म्हणाले. "आयकू दे."

टाळ्या थांबल्या. ह्यांच्या डोळ्यांच्या कडंनी पाणी कानात उतरत व्हतं, मी पुसलं. मंग ह्यांनी नेहमीसारखं इचारलं, "दोन्ही टेकले न्हाईत ना गं?"

चादरीवर सपाट पडलेले. दोन्ही खांदे टेकलेले, सगळी पाठ टेकलेली. मी म्हणले, "न्हाई. डावा वर हाय."

"खरं?"

"खरं. देवाशपथ."

त्यांनी श्वास सोडला. कर्ण्यावर फुडची जोड पुकारली. ह्ये हळूच म्हणाले, "मंग बरोबरी झाली. सोडव आता कुस्ती. लई येळ झाला."

मला कळलं, ते काय मागतायत ते. कुस्ती न्हवं, जीव सोडवायचा म्हणत व्हते. आन् राग आला, असा राग, की सांगता येत न्हाई. म्हणले, "कदी फडात पाऊल टाकू दिलंत व्हय तुमी मला? आन् आता पंच व्हायला सांगताय?"

ते पत्र्याकडं बघत ऱ्हायले.

मी भायेर गेले. दोरीवरचे सगळे फेटे चाचपून बघितले, एक बी वाळला न्हवता. त्यातला त्यात बरा ओढला, पिळला, घडी केली. आत आले, त्यांचा गुडघा दुमडला, खांद्यामागनं हात घातला, माझं वजन टाकलं आन् डाव्या खांद्याखाली घडी सारली.

"ओला हाय," मी म्हणले. "गार लागंल."

"न्हाई लागत," ते म्हणाले.